वाचकांचे प्रश्न : पोहण्याच्या तलावाचे कुंपण

प्रश्न : आमचे घर केळीच्या मळ्यातच आहे. मागील अंगणात नुकताच पोहण्याचा तलाव बांधला. तीन बाजूंना तारेची जाळी लावली की पुरे, चौथ्या बाजूला घराची भिंत आहेच, असे मिस्तरी म्हणतात. घरात तीन वर्षांचा नातू आहे. एवढे कुंपण चालेल का?
– एक वाचक, यावल

उत्तर : चालणार नाही. त्या भिंतीला मागचे दार आहे आणि आपला नातू तलावाकडे जाईल तो त्याच दारातून. एवढे लहान मूल बुडताना बहुधा आरडाओरडा करू शकत नाही, आणि काही मिनिटांतच सारे संपते. त्यामुळे ‘घरात कोणी ना कोणी असतेच’ यावर विसंबून राहू नये. कुंपण तलावाच्या चारही बाजूंनी, म्हणजे घर आणि पाणी यांच्या मध्येसुद्धा हवे.

ऑस्ट्रेलियात घरगुती तलावाला असे संरक्षण कायद्याने बंधनकारक आहे आणि तेथील मापे आपणही पाळावीत, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. कुंपणाची उंची किमान १२० सेंमी असावी. दोन उभ्या गजांमध्ये, तसेच जमीन आणि कुंपणाची खालची कड यांच्यामध्ये १० सेंमीहून जास्त फट नसावी. मोठ्या भोकांची जाळी टाळावी, कारण त्यात मुलांच्या पायाची बोटे सहज अडकतात आणि ती वर चढतात. उभे गजच लावून घ्या.

कुंपणालगत ९० सेंमीपर्यंत चढायला आधार देणारी कोणतीही वस्तू नको, आणि मळ्यातल्या घरी हाच नियम सर्वांत आधी मोडतो. केळीचे क्रेट आणि ठिबकच्या नळ्यांची वेटोळी तेथेच रचली जातात. उन्हाळ्यात अंगणात झोपायला काढलेली बाज सकाळी कुंपणाला उभी टेकवली, तर तिची वीण मुलाला शिडीसारखी सापडते.

फाटक तलावाच्या बाहेरच्या बाजूला उघडणारे, सोडताच आपोआप मिटणारे असावे आणि त्याचा खटका जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असावा. आपल्याकडच्या धुळीने बिजागरीची स्प्रिंग जाम होते, म्हणून दर आठवड्याला फाटक पूर्ण, अर्धे आणि जेमतेम बोटभर उघडून सोडून पाहावे. यांपैकी एखाद्या वेळी जरी खटका आपणहून बसला नाही, तर दुरुस्ती होईपर्यंत फाटकाला कुलूप घालावे.