वाचकांचे प्रश्न : गुलाबी, तांबडी आणि ‘निळी’ केळी

परसबागेतील केळींबद्दल आलेल्या पत्रांतून या अंकासाठी पाच पत्रे निवडली आहेत. पाचही पत्रांत रंगाचा उल्लेख आहे आणि बहुतेकांना रंगावरूनच जातीचे नाव हवे आहे. केळीच्या बाबतीत मात्र फळाचा रंग हा ओळखीचा फार कच्चा पुरावा असतो, त्यामुळे उत्तरे देताना देठ, खोड आणि केळफूल यांच्याकडे वारंवार वळावे लागले आहे.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेतून ‘शोभेची केळ’ म्हणून छोटे रोप आणले होते. यंदा श्रावणात तिला उभा तुरा आला. आता त्यावर बोटभर लांबीची, गुलाबी रंगाची, अंगावर मऊ लव असलेली केळी लागली आहेत आणि त्यांतील काही आपोआप सोलली गेली आहेत. माझ्या सासूबाई म्हणतात की, असे आपणहून फुटलेले फळ खाऊ नये. हा रोग आहे का? ही केळी खाता येतात का?
— एक वाचक भगिनी, मनीषनगर, नागपूर

उत्तर : ताई, हा रोग नाही, हा या केळीचा स्वभावच आहे. आपल्याकडे आलेली केळ म्हणजे म्युसा व्हेल्युटिना. तिचे मूळ घर आसाम आणि त्याच्या आसपासचा ईशान्य भारत. १८७५ मध्ये वेंडलँड आणि ड्रूड या दोन जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला हे नाव दिले. ‘व्हेल्युटिना’ म्हणजे मखमलीसारखी, आणि आपण पत्रात ज्या लवेचा उल्लेख केला आहे तिच्यावरूनच हे नाव पडले आहे. फळ पिकले की त्याची साल टोकाकडून उकलते, पट्ट्यापट्ट्यांनी मागे वळते आणि आतला पांढरा गर उघडा पडतो. पक्ष्यांनी यावे, गर खावा आणि बिया दूर टाकाव्यात, यासाठी निसर्गाने केलेली ही सोय आहे.

आपण पत्रात ‘उभा तुरा’ असे लिहिले, ते फार उपयोगी पडले. आपण खातो त्या केळींचा घड आणि केळफूल खाली झुकलेले असते, तर शोभेच्या अनेक केळींचा फुलोरा आकाशाकडे ताठ असतो. उभ्या फुलोऱ्याच्या केळींमध्ये म्युसा ऑर्नाटा ही दुसरी केळ आपल्याकडे बरीच लावली जाते आणि दोघींची नावे सर्रास एकमेकींना दिली जातात. ऑर्नाटाची छदे, म्हणजे केळफुलावरची पाकळीसारखी आवरणे, फिकट जांभळट गुलाबी असतात, पण तिच्या फळावर लव नसते आणि तिचे फळ आपोआप सोलले जात नाही. गुलाबी फळाच्या सालीवरून बोट फिरवले आणि मखमलीवरून फिरवल्यासारखे वाटले, तर ती व्हेल्युटिना समजावी.

खाण्याविषयी सांगायचे तर गर गोड असतो आणि खाल्ला तर अपाय नाही. परंतु तो अगदी थोडा असून काळ्या, खड्यासारख्या कठीण बियांनी भरलेला असतो. घरात लहान मुले असतील तर त्यांना ते फळ देऊ नये, दात दुखावतील. सासूबाईंचा सावधपणाही अनाठायी नाही, कारण उघडे पडलेले फळ रात्रभर झाडावर राहिले तर सकाळपर्यंत त्यावर मुंग्या आणि माश्या जमतात. साल नुकती उकलू लागली की ते काढून घ्यावे. बिया गरापासून धुऊन, एक दिवस कोमट पाण्यात भिजवून उबदार जागी पेरल्या तर रोपे मिळतात, फक्त उगवणीला कित्येक आठवडे लागतात आणि सगळ्या बिया एकदम उगवत नाहीत. नागपुरात तिला दुपारच्या उन्हापासून आडोसा द्यावा. नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, पाने करपतात आणि जानेवारीच्या थंडीत वाढ थांबते, पण जमिनीतला कंद जिवंत असेल तर पावसाबरोबर नवे मुनवे, म्हणजे कंदातून फुटणारी पिल्ले, येतात. पाने वाळली म्हणून ती केळ उपटून टाकू नये.

प्रश्न : ऑनलाइन दुकानातून ‘निळी, जांभळी आणि काळी केळी’ अशा बियांचे पाकीट मागवले. चित्रात आकाशी रंगाचा घड होता. काहीच उगवले नाही. बियांना वेगळी प्रक्रिया करावी लागते का?
— एक वाचक, कोराडी मार्ग, नागपूर

उत्तर : प्रक्रियेचा प्रश्न नाही, पाकिटावरचे चित्रच खोटे आहे. आकाशी किंवा गडद निळ्या रंगाचे पिकलेले केळे अस्तित्वात नाही.

घरातले एखादे केळे उभे चिरून पाहावे. मधोमध तपकिरी ठिपक्यांची जी रांग दिसते, ती न वाढलेल्या बीजांडांची खूण आहे. आपण खातो त्या केळींत बी धरत नाही आणि म्हणूनच त्यांची लागवड कंदापासून, मुनव्यांपासून किंवा ऊतिसंवर्धित, म्हणजे प्रयोगशाळेत टिश्यू कल्चरने तयार केलेल्या, रोपांपासून होते. खाण्याच्या रंगीत केळीचे बी कोणी विकत असेल, तर ती जात त्याच्याजवळ नाही एवढे नक्की. बी येते ते रानटी आणि शोभेच्या केळींना. आसामातील भीमकोल हा यात एक आदरणीय अपवाद म्हणावा लागेल, कारण बियांनी भरलेले असूनही ते केळे तिथे खाल्ले जाते आणि बी काढलेला त्याचा गर तान्ह्या मुलांना भरवतात.

‘निळ्या’ केळ्यामागे एक खरी जात मात्र आहे. तिचे नाव ब्लू जावा. हवाई आणि फिजी बेटांवर ती लावली जाते आणि मऊ, मलईसारख्या गरामुळे तिला आइस्क्रीम केळेही म्हणतात. तिच्या कच्च्या फळावर मेणाचा पांढुरका थर असतो. खालच्या हिरव्या सालीवर तो चंदेरी निळसर दिसतो, बोटाने पुसला की निघतो आणि पिकल्यावर केळे फिकट पिवळे होते. असा राखाडी थर दक्षिणेतल्या कर्पूरवल्ली केळ्यावरही असतो. तेव्हा त्या निळाईचे एवढे नवल वाटायला नको. आपले पैसे गेले याचे मला मनापासून वाईट वाटते. पाकिटाचे आणि जाहिरातीचे छायाचित्र जपून ठेवून ग्राहक तक्रार अवश्य नोंदवावी.

प्रश्न : मी संत्राउत्पादक आहे. बांधावर लावण्यासाठी ‘लाल केळी’ची ऊतिसंवर्धित रोपे आणली. सुरुवातीला पानांवर लालसर डाग होते, म्हणून खात्री वाटली. चार महिन्यांत डाग नाहीसे झाले आणि झाडे हिरवीगार झाली. माझी फसवणूक झाली का? सीताबर्डीला लाल केळी मी स्वतः चांगल्या भावाने विकत घेतली आहेत.
— एक शेतकरी वाचक, काटोल, जि. नागपूर

उत्तर : दादा, आपल्यासारखाच गोंधळ अनेकांचा होतो, कारण ते लाल डागच दिशाभूल करतात. जळगावकडे सर्वत्र लावली जाणारी ग्रँड नाइन आणि तिच्या कुळातील इतर जातींची ऊतिसंवर्धित रोपे लहान असताना त्यांच्या पानांवर विटकरी, मरून रंगाचे ठिपके उमटतात आणि रोप मोठे होते तसे ते विरून जातात. पिशवीतले रोप पाहून त्याला ‘लाल केळ’ म्हणणे म्हणजे बाळाच्या डोळ्यांचा रंग कायमचा समजण्यासारखे आहे. शोभेच्या झेब्रिना केळीच्या पानांवर असेच डाग मोठेपणीही टिकतात, पण ती केळ फळासाठी लावत नाहीत.

खऱ्या तांबड्या केळीची लाली पानाच्या पात्यावर शोधू नये. तिच्या खोडावर वाइनसारखी जांभळट लाल छटा असते, पानाचा देठ आणि मधली शीर मागच्या बाजूने तांबूस असते आणि ही लाली वयाबरोबर जात नाही. देठाच्या कडेला नुसती गुलाबी रेघ दिसली तर तो पुरावा धरू नये, कारण ती रेघ ग्रँड नाइनलाही असते. आपली झाडे आज खोडापासून शिरेपर्यंत हिरवी असतील, तर ती लाल केळ असण्याची शक्यता फारच थोडी आहे. शेवटचा निकाल घड देईल आणि त्यासाठी फळ पिकण्याची वाटही पाहावी लागणार नाही. केळफुलाचे पहिले छद उचलले गेले की आतली कोवळी केळी तांबड्या जातीत तेव्हापासूनच गडद मरून असतात. पिकताना ती काळवंडत नाहीत, उलट विटकरी नारिंगीकडे झुकतात. आत गर मलई रंगाचा, कधी किंचित गुलाबीसर असतो.

तरीही पुरवठादारावर थेट फसवणुकीचा ठपका ठेवण्याआधी एक शक्यता तपासावी. तांबडी केळ अधूनमधून स्वतःच हिरवी होते. माझ्या परसात लावलेल्या लाल केळीने पहिला घड उत्तम तांबडा दिला आणि तिच्याच कंदातून आलेला एक मुनवा मात्र पहिल्या पानापासून हिरवा निघाला. त्याची फळे पिकून पिवळी झाली, आकार आणि चव मात्र तीच राहिली. ही नैसर्गिक उलटापालट आहे आणि जगभर तिची नोंद आहे. मात्र ती एखाद्या झाडात घडते, बांधावरच्या सगळ्या झाडांत एकाच वेळी घडत नाही. आपली सर्वच झाडे हिरवी असतील तर पावती आणि लेबल घेऊन पुरवठादाराकडे जाण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

लाल केळ पुन्हा लावायचीच असेल, तर ग्रँड नाइनचा घड वर्षभराच्या आसपास उतरतो आणि तांबडी केळ दीड वर्षापर्यंत वेळ घेते, हे लक्षात घ्यावे. म्हणजे विदर्भाचा उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही तिला सोसावे लागतात. पर्णगुच्छ रोगालाही ती लवकर बळी पडते. केरळात तिला चेंकदली म्हणतात आणि कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यातल्या कमलापूरच्या लाल केळ्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. बाजारात विकत घेतलेल्या केळ्यांविषयी शंका असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने साल घासून पाहावी. सालीतला नैसर्गिक रंग फडक्याला लागत नाही.

प्रश्न : आमच्या विहिरीजवळ आजोबांच्या काळापासून एक उंच केळ आहे. खोड गुळगुळीत, कच्च्या फळावर राखेसारखा थर, फळे कोनदार. घरात भाजीसाठी वापरतो. नाव कोणालाच माहीत नाही. कोणी ‘लाल वेलची’ म्हणतात, पण आमची केळी लाल नाहीत. ओळख कशी पटवावी?
— एक वाचक, रामटेक, जि. नागपूर

उत्तर : आधी ‘लाल वेलची’चे पाहू, कारण या नावाने पुष्कळांना चकवले आहे. दक्षिणेत जिला पूवन म्हणतात तिला महाराष्ट्रात लाल वेलची हे नाव आहे आणि तिची फळे पिकल्यावर पिवळीच होतात. लाली असते ती कोवळ्या पानाच्या मधल्या शिरेवर, बाहेरच्या बाजूने, गुलाबी झाक म्हणून. सफेद वेलची ही तर निराळीच जात आहे. त्यामुळे ‘आमची केळी लाल नाहीत’ एवढ्या कारणावरून हे नाव बाद करता येणार नाही. मात्र आपण केलेले वर्णन पूवनशी जुळत नाही, हे खरे.

आपण खातो त्या जवळजवळ सगळ्या केळी दोन रानटी पूर्वजांपासून आलेल्या आहेत : म्युसा अक्युमिनाटा आणि म्युसा बाल्बिसियाना. पहिलीसाठी ‘ए’ आणि दुसरीसाठी ‘बी’ ही अक्षरे वापरतात. १९५५ मध्ये सिमंड्स आणि शेफर्ड या केळी-संशोधकांनी झाडाची १५ लक्षणे निवडून प्रत्येकाला १ ते ५ गुण देण्याची पद्धत घालून दिली. एकूण १५ गुण म्हणजे शुद्ध ‘ए’ आणि ७५ म्हणजे शुद्ध ‘बी’, बाकी सगळ्या जाती यांच्या मध्ये कुठेतरी बसतात. आज जनुकांची तपासणी होत असली तरी शेतात उभे राहून ओळख पटवायला ही पद्धत अजूनही चांगली आहे, आणि तिच्या १५ लक्षणांत पिकलेल्या फळाचा रंग नाही.

सगळी लक्षणे तपासण्याची गरज नाही. पानाचा देठ बुडाजवळ आडवा कापावा. ‘ए’च्या देठाची पन्हळ उघडी, काठ बाहेर झुकलेले असतात, तर ‘बी’च्या देठाचे काठ आत वळून जवळजवळ नळी बनते. ‘ए’च्या खोडावर काळे-तपकिरी डाग भरपूर असतात, ‘बी’चे खोड स्वच्छ असते. नंतर केळफुलाजवळ जावे. उचललेले छद मागे गुंडाळले जाऊन सुरळी होत असेल, त्याचे टोक निमुळते असेल आणि आतला तांबडा रंग बुडाकडे पिवळट होत गेला असेल, तर ‘ए’चा अंश मोठा. छद नुसतेच उचललेले राहिले, टोक बोथट असले आणि आतून बुडापर्यंत एकसारखे तांबडे दिसले, तर ‘बी’चा. शेवटी अगदी कोवळे फळ चिरून भिंगाने पाहावे. प्रत्येक कप्प्यात बीजांडांच्या दोन नेटक्या रांगा ‘ए’ दाखवतात, तर चार वेड्यावाकड्या रांगा ‘बी’.

डाग नसलेले खोड, राखाडी थर आणि कोनदार फळ ही तिन्ही लक्षणे ‘बी’कडे बोट दाखवतात, त्यामुळे आपली केळ भाजीच्या केळींच्या ‘एबीबी’ गटातली, म्हणजे ‘ए’चा एक आणि ‘बी’चे दोन वाटे असलेली, असावी असे मला वाटते. नेमके नाव सांगण्यासाठी देठाच्या आडव्या कापाचे, खोडाचे, आतून आणि बाहेरून उलगडलेल्या एका छदाचे आणि पूर्ण घडाचे अशी छायाचित्रे पाठवावीत. आजोबांच्या हातची केळ आहे, तेव्हा तिचे एकदोन मुनवे आताच काढून दुसरीकडे लावून ठेवावेत, ही माझी आग्रहाची विनंती. विहिरीचा काठ ढासळला किंवा रोग आला तर अशी बेनामी जुनी वाणे कायमची हातची जातात.

प्रश्न : मे महिन्यात आणलेली केळी घरात ठेवली की आतून मऊ होतात, पण साल हिरवीच राहते. ही वेगळी जात आहे का?
— एक गृहिणी, धरमपेठ, नागपूर

उत्तर : सालीने हिरवट राहणारी हरिसाल ही जात आहेच, पण आपल्याकडे बहुधा नेहमीची ग्रँड नाइनच असावी. या कुळातील केळी २४ अंश सेल्सिअसच्या वरच्या तापमानात पिकली तर गर गोड आणि मऊ होतो, मात्र सालीतले हरितद्रव्य पुरते मोडत नाही आणि खालचा पिवळा रंग झाकलेलाच राहतो. नागपूरच्या मे महिन्यात स्वयंपाकघर रात्रीसुद्धा याहून गरम असते. व्यापारी त्यासाठी १६ ते १८ अंशांच्या आसपास खोल्या गार ठेवून केळी पिकवतात. घरी फणी माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवावी. फ्रीजमध्ये कच्ची केळी ठेवू नयेत, कारण १३ अंशांखाली साल राखाडी-काळपट होते आणि मग ते फळ नीट पिकत नाही. हिरव्या सालीचे केळे दाबून मऊ लागले तर निःशंकपणे खावे.