पोच घेतलीत का?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा पाचवीत. स्कूलबसमध्ये मागच्या सीटवरची दोन पोरं रोज त्याच्या नावाची मोडतोड करतात, बॅग इकडून तिकडे फेकतात. त्या लिहितात, ‘टीचरला सांगितलं तर आपलंच पोर रडकं ठरेल, असं ह्यांचं म्हणणं. आपण पडलो बाहेरचे, उगाच कशाला तोंड उघडायचं?’

कशाला म्हणजे? ताई, शाळेसाठी प्रॉपर्टी टॅक्स भरताना बरे आपण बाहेरचे नसतो!

तुम्हाला तरी किती बोलू? आपले आईवडील मास्तरांना ‘हवं तर दोन फटके द्या’ एवढंच सांगून परत फिरायचे. मीही त्यातलीच. पेरेंट-टीचर कॉन्फरन्सला मिळालेली दहा मिनिटं मी गणिताचे मार्क विचारण्यात घालवली. लेक तेव्हा महिनाभर मधल्या सुट्टीत लायब्ररीत लपून बसत होती.

माझे वडील जिल्हा परिषदेत कारकून. म्हणायचे, ‘पोच घेतली नाही, तर अर्ज दिलाच नाही.’ तेव्हा आज रात्रीच बसा. तारीख, कोण, काय बोललं, सगळं मुलाच्याच शब्दांत लिहा. टीचरला ईमेल, प्रिन्सिपलना प्रत. सूर भांडणाचा नको. ‘वर्गात तो तुम्हाला कसा वाटतो?’ हे आधी विचारा. बसमधलं त्यांना दिसत नाही, वर्गातलं तुम्हाला. दोन्ही जोडल्याशिवाय पोर कळायचं नाही. आणि मेलमध्ये ‘एचआयबी’ (हॅरॅसमेंट, इंटिमिडेशन, बुलिंग; म्हणजे छळ, धाक, दादागिरी) ही अक्षरं घाला, शाळा सावरून बसते. न्यू जर्सीचा 2011 पासूनचा छळविरोधी कायदा बसलाही लागू आहे. चौकशी एका शालेय दिवसात सुरू करायची आणि लेखी तक्रारीपासून दहा शालेय दिवसांत पुरी करायची, असं त्यात आहे. प्रत्येक शाळेत त्यासाठी नेमलेला अँटी-बुलिंग स्पेशालिस्ट असतो. त्यांचं नाव शोधून ठेवा. फोनवर बोलणं झालं, तरी रात्री ‘आज आपलं असं ठरलं’ म्हणून मेल टाकायचाच.

पत्रातले बाकीचे प्रश्न पटकन. कराटेला घाला, हरकत नाही. नाव बदलून ‘ॲडी’ करू? मुळीच नाही. आणि सासूबाईंना इतक्यात सांगू नका. आमच्या सासूबाई छत्री घेऊन थेट बसस्टॉपवर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्याच पोरांना त्यांनी बेसनाचे लाडू दिले, ते वेगळं.