मसल डिस्मॉर्फियाला 'स्नायूविकृती' म्हणावं का?

मालवणच्या एका ताईंनी विचारलंय, पालकसभेत मसल डिस्मॉर्फियावर, म्हणजे अंग दणकट असूनही आपण हडकुळेच आहोत असं वाटत राहण्याच्या आजारावर, बोलायचंय तर 'स्नायूविकृती' म्हटलं तर चालेल का.

ताई, माझं मत विचाराल तर नको. स्नायूविकृती ऐकलं की लोकांना वाटणार पोराच्या स्नायूंनाच काहीतरी झालंय, आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफी म्हणून स्नायू खरोखर झिजण्याचा आजार वेगळाच आहे, त्याच्याशी घोळ ठरलेला. इथे स्नायू ठणठणीत असतात हो, बिघाड बघण्यात असतो.

माझा भाचा मुंबईहून गणपतीत आला, दंड सोललेल्या नारळाएवढे, आणि भादव्यातल्या त्या घामट उकाड्यात आरतीला फुल शर्ट, आत अजून एक टीशर्ट, का तर हात बारीक दिसतात म्हणे. मोदकाला हात लावला नाही, उकडलेल्या अंड्यातलं पांढरं तेवढं खाल्लं आणि येताजाता कपाटाच्या आरशात दंड वळवून बघणं चालूच. त्यात काकीने दारातच "मेल्या, किती वाळलंस रे!" म्हटलं. आता आपल्याकडे हे प्रत्येक चाकरमान्याला मायेनेच म्हणतात, पण हा दुसऱ्या दिवशी पहाटे जोर मारायला उठला, विसर्जनालाही थांबला नाही. आजाराचं नाव आम्हाला नंतर डॉक्टरांकडून कळलं.

मूळ शब्द बघा. ग्रीक 'डिस' म्हणजे वाईट, 'मॉर्फी' म्हणजे रूप. मोर्सेली नावाच्या इटालियन डॉक्टरने १८९१ मध्ये 'डिस्मॉर्फोफोबिया' लिहिलं, म्हणजे आपण कुरूप आहोत ही धास्ती. पुढे फोबिया गळला, आणि धास्तीच गेल्यावर उरलं काय, नुसतं वाईट रूप! आपली 'विकृती' तिथूनच आली असणार. बॉडीबिल्डर लोकांमधला हा प्रकार हॅरिसन पोप वगैरेंनी १९९३ मध्ये 'रिव्हर्स अ‍ॅनोरेक्सिया' म्हणून मांडला (अ‍ॅनोरेक्सिया म्हणजे उपाशी राहण्याचा आजार, त्यात हडकुळीला आपण जाड आहोत असं वाटतं, इथे पैलवानाला आपण हडकुळे), आणि मसल डिस्मॉर्फिया हे नाव १९९७ चं.

'देहभ्रम' पण सुचवतात, ऐकायला छान आहे, पण अमेरिकन मानसोपचारवाल्यांच्या २०१३ च्या डीएसएम-५ या आजारांच्या यादीत हा बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डरचा (आपल्या रूपात खोट आहे असं वाटत राहण्याचा) प्रकार धरलाय आणि तो ओसीडी या मनाच्या आजाराच्या शेजारी बसवलाय, म्हणजे तोच विचार दिवसभर दळत राहणं. भ्रमात हे दळण येत नाही. म्हणून मी 'देहगंड' म्हणेन, न्यूनगंड सगळ्यांना माहितीये त्यामुळे फोड करून सांगावी लागणार नाही, आणि गंड म्हटलं की मनातलं काहीतरी हे आपोआप कळतं. आणि हो, जिमला जाणारा प्रत्येक पोरगा यात येत नाही, खाणं, काम, माणसं यापायी सुटायला लागली की मानसोपचारवाल्यांना दाखवा. सीबीटी म्हणजे विचार-सवयी बदलायची बोलून करायची थेरपी आहे, गोळ्या आहेत, उपयोग होतो.

बाकी बोलीत समजवायचं तर आपल्याकडे काडीपैलवान आहेच, अंगाने काडी आणि तोरा पैलवानाचा. हा त्याच्या बरोब्बर उलटा, अंगाने पैलवान आणि मनात काडी. सभेत बिनधास्त सांगा, फक्त तो पोरगा समोर बसला असेल तर नको.