चांगलं ग्राफिक्स कार्ड असूनही 'माफिया २' हा गेम गोळीबाराच्या वेळीच का अडखळतो?

व्हिडिओ सेटिंगमध्ये जाऊन एपेक्स फिजएक्स 'ऑफ' करा. २०१० च्या मूळ 'माफिया २' मधली ही अडचण बहुतेक वेळा तिथेच सुटते. काचा, विटांचे तुकडे आणि कोटांची हालचाल यांचं गणित हा पर्याय करतो. ते एनव्हिडियाच्या कार्डावरच वेगाने चालतं. एएमडी किंवा इंटेलचं कार्ड असेल तर सगळा भार प्रोसेसरवर पडतो, म्हणून रस्त्यावर गाडी सुरळीत धावते आणि पहिली काच फुटली की फ्रेमरेट (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) कोसळतो. रिझोल्यूशन कमी करून काही उपयोग नाही, कारण अडथळा ग्राफिक्सचा नाहीच. बंद केल्यावर कथा, नेमबाजी, गाड्या जशाच्या तशा राहतात. फक्त उडणारा चुरा कमी होतो आणि कपडे ताठ वाटतात.

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर:
- एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये फिजएक्स प्रोसेसर म्हणून तेच कार्ड निवडा.
- आरटीएक्स ५० मालिका असेल तर ड्रायव्हर नवीनच हवा. २०२५ मध्ये या कार्डांवरून ३२-बिट फिजएक्सचा (जुने गेम वापरतात त्या प्रकाराचा) सपोर्ट काढला होता. तो पुढे निवडक जुन्या गेमसाठी परत आला, त्यात हा गेम आहे.