अदलाबदल केलेले रकाने

प्रश्न : माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. गेल्या वर्षी तिनं झाडांच्या खोडांवरचं दगडफूल मोजून शहरातल्या हवेच्या प्रदूषणावर प्रकल्प केला. तिच्या मोजणीत बागेपेक्षा रहदारीच्या रस्त्यालगत दगडफूल जास्त आलं. हे उघडच चुकलं होतं, म्हणून मी तिला शेजारी बसवून दोन्ही रकान्यांची अदलाबदल करून घेतली. प्रकल्पाला पहिलं बक्षीस मिळालं. तिनं आता पर्यावरण क्षेत्रात पुढं जावं, तर कोणता कोर्स चांगला? ती मात्र हल्ली हा विषयच काढू देत नाही, कॉमर्सला जाते म्हणते. तिला कसं समजवावं?

उत्तर : ‘हे उघडच चुकलं होतं’ हे तुमचं वाक्य मी तीनदा वाचलं. झाडांपाशी उभं राहून मोजलं तिनं आणि काय चुकलं ते ठरवलं तुम्ही, तेही घरी बसून. वर बक्षीस मिळालं. म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं खोडून टाकलं की कौतुक होतं, हे ती पंधरा-सोळाव्या वर्षी शिकली. तिनं कॉमर्सचं नाव काढलं याचं तुम्हाला आश्चर्य वाटतं, मला वाटत नाही.

आता त्या ‘चुकी’बद्दल. दगडफूल, म्हणजे लायकेन, हा बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. त्याला मुळं नसतात, अंगावर पानांसारखा मेणचट थरही नसतो. हवेतून आणि पावसातून येईल ते सगळं अंगात मुरतं. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड शैवालातलं हरितद्रव्य बिघडवतो, म्हणून धुरकट शहरांतून लायकेन नाहीसं होत गेलं. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम नायलँडर यांनी १८६६ साली पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतली लायकेन पाहून त्यांचा हवेच्या शुद्धतेशी संबंध जोडला. पुढं १९७० साली हॉक्सवर्थ आणि रोझ या ब्रिटिश लायकेन-अभ्यासकांनी इंग्लंड-वेल्ससाठी लायकेनच्या जातींवरून सल्फर डायऑक्साइडचा अंदाज बांधणारी पट्टीच तयार केली. ‘दगडफूल जास्त तर हवा चांगली’ हा तुमचा नियम याच इतिहासाचा अर्धवट सारांश आहे. प्रश्न किती आहे एवढाच नसतो, कोणतं आहे हाही असतो. वाहनांच्या धुरातून नायट्रोजन ऑक्साइड आणि अमोनिया येतात, धुळीनं सालीची आम्लता बदलते, आणि काही जातींना हे सगळं खतासारखं मानवतं. युरोपात पिवळ्या-नारिंगी रंगाची झँथोरिया पॅरिएटिना अशाच नायट्रोजनच्या जागी फोफावते. सल्फर डायऑक्साइड घटल्यावर लंडनमध्ये लायकेन परतलं, पण त्यात अशा नायट्रोजनप्रिय जातींचा भरणा मोठा होता. तेव्हा रस्त्यालगत जास्त लायकेन सापडणं मुळीच अशक्य नाही. कदाचित तिथल्या झाडांना ऊन जास्त मिळत असेल, त्यांची साल वेगळी असेल, बागेत सावली दाट असेल. यातलं कारण कोणतं, हाच खरा प्रकल्प होता. तो तुम्ही खोडरबरानं पुसलात.

तिच्या जुन्या वहीत लायकेनच्या ठेवणीप्रमाणे खपलीसारखं, पानासारखं, झुडपासारखं असे वेगळे रकाने आहेत का, ते तिला विचारा. झुडपासारखी, लोंबणारी लायकेन बहुधा सर्वांत हळवी. तिथं दोन्हीकडं शून्य असेल तर तेही मोलाचं आहे. तिला पुन्हा मोजावंसं वाटलं, तर युरोपात २०१४पासून प्रमाण ठरलेली पद्धत घरीही जमते : सरळ खोडावर जमिनीपासून एक मीटर उंचीवर, चारही दिशांना, दहा सेंटिमीटरच्या पाच-पाच चौकोनांची शिडी लावायची. कोणती जात वीसपैकी किती चौकोनांत दिसते, ते लिहायचं. झाडं एकाच जातीची आणि साधारण सारख्या जाडीची घ्यायची. आणि तुम्ही मदतीला गेलात तर शिडी धरायची, पेन नाही.

कोर्सचं उत्तर एका ओळीचं आहे : वनस्पतिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्रात पदवी, पदव्युत्तर शिक्षण, प्रवेश परीक्षा देऊन पीएच.डी. ‘लायकेनतज्ज्ञ पाहिजे’ अशा जाहिराती येत नाहीत, हेही स्पष्ट सांगतो. हे जाणणारी माणसं वनस्पतिसंग्रहालयांत, विद्यापीठांत, पर्यावरणीय परिणामांचे अहवाल करणाऱ्या संस्थांत असतात, आणि त्यांचा बराच वेळ सूक्ष्मदर्शक, रसायनं व संख्याशास्त्रात जातो. हवा मोजणारी यंत्रं आल्यानं हे काम संपलेलं नाही. यंत्र या तासाची हवा सांगतं, तर खोडावर वर्षानुवर्षं चिकटलेलं लायकेन गेल्या कित्येक वर्षांचा हिशेब अंगावर वागवतं.

पण पत्राचं खरं उत्तर कोर्समध्ये नाही. तिला समजवू नका. तिच्यापाशी बसा आणि ‘तुझे आकडे मी बदलायला नको होते’ एवढं म्हणा. पुढं ‘पण’ जोडू नका. स्पर्धेच्या संयोजकांना खरं कळवायला हवं. ते पत्र तुमच्या नावानं जावं, तिच्या नावानं नाही, आणि पाठवण्याआधी तिला वाचायला द्या. त्यानंतरही ती कॉमर्सला गेली, तर फॉर्म तिला स्वतःला भरू द्या.