दिसायला देखण्या, सांभाळायला? शोभेच्या कोंबड्यांवर वाचकांचे प्रश्न

गावरान कोंबड्यांचे प्रश्न या वेळी बाजूला ठेवले आहेत. बाजारात ‘फॅन्सी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जातींबद्दल इतकी पत्रं साठली होती की त्यांनाच पूर्ण जागा दिली. ज्या पिसाऱ्यासाठी आपण जास्तीचे पैसे मोजतो, बहुतेक तक्रारींचं मूळही त्याच पिसाऱ्यात सापडतं. उत्तरं वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

प्रश्न : आम्ही चिपळूणजवळ राहतो. मार्चमध्ये पांढऱ्या सिल्कीच्या दोन जोड्या आणल्या. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात चारही पक्षी अंगणात भिजले आणि रात्रीपर्यंत एक कोंबडी गेली. गावरान कोंबड्याही तशाच भिजल्या होत्या, त्यांना काही झालं नाही. सिल्की कोकणात जगतच नाही का?

उत्तर : जगते, पण गावरानसारखी मोकळी सोडून नाही. गावरान कोंबडीचं गळलेलं एक पीस घ्या आणि बोटाने उलटं फिरवा. तंतू सुटे होतील. सुलटं फिरवलं की पुन्हा जुळतील. त्या तंतूंना बारीक आकडे असतात, ते एकमेकांत अडकतात म्हणून पिसाचं सलग पातं तयार होतं आणि पाणी वरच्यावर ओघळून जातं. सिल्कीच्या पिसांत हे आकडेच जुळत नाहीत. त्यामुळेच ती केसाळ दिसते, आणि त्यामुळेच पाणी थेट कातडीला भिडतं. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं. चिंब भिजलेला पक्षी वाऱ्यात राहिला की ते झपाट्याने उतरतं.

भिजलेली सिल्की दिसली की आधी जुन्या पंच्याने टिपून घ्या, मग हेअर ड्रायरच्या कोमट झोताने मुळापर्यंत सुकवा. वरून कोरडी वाटली तरी पोटाखाली हात घालून पाहा, ओल तिथेच राहते. ती रात्र तिला घरात, बल्बच्या उबेला ठेवा.

दुसरी गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण विचारायला हवी : रात्री त्या कुठे झोपतात? सिल्कीला उडता येत नाही. गावरान आढ्यावर चढते, ही मात्र जमिनीवरच एकमेकींना चिकटून झोपते. म्हणजे खाली अंथरलेला तूस ओला असेल तर रात्रभर त्या ओलीत बसणार. कोकणातल्या पावसाळ्यात अशा तुसात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात आणि पिल्लं पटापट जातात. खुराड्याची जमीन हातभर उंच घ्या, पागोळ्या आत येणार नाहीत इतकं छप्पर पुढे काढा, तूस रोज हलवा आणि मुठीत दाबून गोळा होत असेल तर बदला. वीतभर उंचीची रुंद फळी ठेवलीत तर काही सिल्की तिच्यावर बसायला शिकतात. विष्ठेत रक्त दिसलं तर दुकानदाराच्या सल्ल्याने औषध घालत बसू नका, पशुवैद्यकांना दाखवा.

एवढं केलंत तर तिचा फायदाही घ्या. सिल्कीइतकी खुडूक होणारी कोंबडी क्वचितच मिळते. तिच्याखाली गावरानची सात-आठ अंडी ठेवा, एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर येतील आणि ती त्यांना स्वतःची म्हणून वाढवील.

प्रश्न : सिल्कीची पिसं बाजूला केली तर कातडी काळी-निळी दिसते आणि पायाला पाच बोटं आहेत. आजार आहे की व्यंग? (इचलकरंजी)

उत्तर : दोन्ही नाही. काळी कातडी आणि पाच बोटं हीच अस्सल सिल्कीची खूण आहे. कडकनाथचा काळेपणा आणि हिचा काळेपणा एकाच जनुकीय बदलातून आलेला आहे. चार बोटांची, गुलाबी कातडीची ‘सिल्की’ कुणी दिली तर मात्र जरूर भांडा.

प्रश्न : नागपुरात ब्रह्मा कोंबड्या पाळायच्या आहेत. विकणारा म्हणतो की ही मूळची ब्रह्मपुत्रेकाठची भारतीय जात आहे, त्यामुळे उन्हाला सहज टिकते. खरं आहे का?

उत्तर : नावात ब्रह्मपुत्रा आहे, जात मात्र अमेरिकेत घडली. १८४०च्या दशकात चीनमधल्या शांघाय बंदरातून अमेरिकेत मोठमोठ्या कोंबड्या गेल्या, त्यांच्यापासून ही जात तयार झाली. तिच्यात चितगावकडच्या कोंबड्यांचं रक्त मिसळलं असावं असं मानतात, आपल्याकडचा संबंध असलाच तर तेवढाच. त्या काळात इंग्लंड-अमेरिकेत कोंबड्यांचं असं वेड पसरलं होतं की १८४९मध्ये बोस्टनला खास कोंबड्यांचं प्रदर्शन भरलं, आणि १८५२मध्ये एका अमेरिकन व्यापाऱ्याने ब्रह्मा कोंबड्या व्हिक्टोरिया राणीला नजर केल्या. नावाला गिऱ्हाईक भुलतं हे तेव्हाच्या विकणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

आता उन्हाचं. कोंबडीला घाम येत नाही. ती तुऱ्यातून आणि चोचीखालच्या लोंबत्या कातडीतून उष्णता बाहेर टाकते, आणि तेवढ्याने भागलं नाही की चोच उघडून धापा टाकते. ब्रह्मा कोंबडा पाच किलोच्या आसपास भरतो, पिसं दाट, पायही बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले, आणि तुरा अगदी बारीक. कडाक्याच्या थंडीत असा तुरा हिमबाधेपासून वाचतो, नागपूरच्या मे महिन्यात मात्र तोच अपुरा पडतो. धापा टाकण्याचा आणखी एक तोटा आहे. श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड भराभर निघून जातो, रक्तातला समतोल बिघडतो आणि अंड्याच्या कवचाला कॅल्शियम कमी पडतं. उन्हाळ्यात अंडी पातळ कवचाची झाली तर नुसते शिंपले वाढवून उपयोग होत नाही, आधी पक्ष्याला गारवा द्या.

पाळायच्याच असतील तर नागपूरची हवा कोरडी आहे हे तुमच्या पथ्यावर पडेल. ओली गोणपाटं, खसाच्या ताट्या, कूलर यांचा तिथे खरोखर उपयोग होतो. (हेच रत्नागिरीत केलंत तर दमटपणा वाढून पक्षी जास्त गुदमरतील.) खाद्य पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्या, कारण पचनातही उष्णता तयार होते. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी सावलीत ठेवा. एखादी मान टाकून पडलीच तर अंगावर बर्फाचं पाणी ओतू नका. पाय साध्या गार पाण्यात बुडवा आणि शुद्धीवर आल्यावरच थोडं थोडं पाणी पाजा. माझं मत विचाराल तर विदर्भात ब्रह्मा किंवा तिच्यासारख्याच मोठ्या कोचीन जातीपेक्षा कोचीन बँटम, म्हणजे कोचीनचाच बुटका प्रकार, बरा. रूप तेच, वजन किलोभर, सावलीच्या एका कोपऱ्यात निभावून जातो.

प्रश्न : साताऱ्याजवळच्या आमच्या गावी उलट्या पिसांच्या कोंबड्यांची जोडी आणली. रवणीतून बारा पिल्लं निघाली. त्यातली काही आईबापांसारखी आहेत, काही साध्या पिसांची, आणि तीन तर अर्धवट उघडी आहेत, पीस येतं आणि तुटून पडतं. सासूबाई म्हणतात, असली कोंबडी दारात नको, ती उताऱ्याची असते. काय करू?

उत्तर : आधी पिल्लांचं बघू. तुमच्या पिल्लांत जे झालं ते अगदी हिशेबाप्रमाणे झालं. पीस उलटं वळण्याचं कारण एकच जनुक आहे. पिसाचा दांडा ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनतो, त्याच्या एका जनुकात बदल झालेला असतो. बदललेल्या जनुकाची एक प्रत मिळाली तर पीस सुंदर वळतं. आईकडून आणि बापाकडून अशा दोन प्रती मिळाल्या तर दांडा इतका ठिसूळ होतो की पीस धरतच नाही. उलट्या पिसांचे नर-मादी एकत्र ठेवले की साधारण पाव पिल्लं साधी, निम्मी उलट्या पिसांची आणि पाव अशी उघडी निघतात. बारात तीन म्हणजे बरोबर पाव.

पुढच्या वेळी उलट्या पिसांचा कोंबडा साध्या पिसांच्या कोंबडीवर सोडा. निम्मी पिल्लं उलट्या पिसांची मिळतील आणि उघडं एकही नाही. विकणारे जोडी म्हणून एकसारखे दोन देतात, कारण फोटोत ते शोभून दिसतं. आत्ताची तीन पिल्लं थंडी आणि कडक ऊन या दोन्हींपासून जपा, थोडं जास्त खाद्य द्या आणि त्यांची पुढे पैदास करू नका. इतर पिल्लं त्यांच्या उघड्या कातडीला टोचतात, तेव्हा वेगळी ठेवलेली बरी.

सासूबाईंचं म्हणणं कुठून येतं तेही सांगतो. गावोगावी उलट्या पिसांची काळी कोंबडी उताऱ्याला आणि नवसाला मागतात, त्यामुळे ती दिसली की लोकांना तेवढंच आठवतं. त्यांना एवढंच सांगा की बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने याच उलट्या पिसांच्या देशी कोंबडीपासून ‘उपकारी’ नावाचं परसातल्या पालनासाठीचं वाण तयार केलं आहे. पिसं अंगाला चिकटून बसत नाहीत, त्यामुळे अंगातली उष्णता सहज बाहेर पडते आणि उन्हाळ्यात हा पक्षी इतरांपेक्षा कमी धापा टाकतो. शोभेच्या जातींत आपल्या हवेला खरोखर साजेशी कुठली, असं कुणी विचारलं तर मी हिचंच नाव पहिलं घेईन.

प्रश्न : पोलिश कॅपची एक कोंबडी आमच्या गावरान कोंबड्यांत सोडली. दोन दिवसांत तिच्या डोक्यावरची पिसं उपटली गेली, रक्तही आलं. शिवाय ती फार भित्री आहे, जवळ गेलं की भिंतीवर जाऊन आदळते. (तळेगाव)

उत्तर : भित्री नाही, तिला दिसत नाही. शेंडी डोळ्यांवर येते, वरून आणि बाजूने काय येतंय ते तिला कळतच नाही. तुमचा हात अचानक अंगाशी येतो म्हणून ती उधळते. जवळ जाताना आधी तोंडाने आवाज करा. घार आली तर गावरान कोंबड्या केव्हाच झुडपात पोचलेल्या असतात आणि ही उघड्यावर उभी असते, म्हणून तिच्या फिरण्याच्या जागेवर वरून जाळी हवीच.

डोळ्यांसमोरची पिसं बोथट टोकाच्या कात्रीने थोडी छाटा. छाटण्याआधी पिसाचं मूळ पाहा. ते निळसर आणि फुगीर असेल तर पीस वाढीचं आहे, आत रक्त आहे, कापू नका. जखमेला जेन्शन व्हायोलेट लावा. तांबडा रंग दिसला की बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचत राहतात, जांभळ्याने तो झाकला जातो. या जातीच्या कवटीला शेंडीखाली उंचवटा असतो, आणि पिल्लांमध्ये तिथलं हाड पूर्ण भरलेलं नसतं. डोक्यावर बसलेली एक जोराची चोचही पिल्लाच्या जिवावर बेतू शकते. तेव्हा ही कोंबडी गावरानमध्ये नकोच. सिल्की किंवा कोचीन बँटमसारख्या गरीब स्वभावाच्या जातींबरोबर ठेवा. पाण्याला निपल (चोच लावली की थेंब सोडणारी तोटी) लावा किंवा अरुंद तोंडाचं भांडं द्या, नाहीतर शेंडी सतत ओली राहते आणि तिच्यात उवा होतात.

प्रश्न : सोनेरी सेब्राइटची जोडी मागितली होती. दोन्ही पक्षी दिसायला सारखेच, म्हणून विकणाऱ्याला फोन करून चांगलं सुनावलं. आता त्यातला एक पहाटे आरवतो! (नाशिक)

उत्तर : त्याला पुन्हा फोन करा आणि या वेळी गोड बोला. सेब्राइटच्या नराला कोंबड्याची लांब मानपिसं आणि शेपटीची वळणदार पिसं येतच नाहीत. त्याच्या कातडीत नर-संप्रेरकाचं मादी-संप्रेरकात रूपांतर होतं, म्हणून पिसारा कोंबडीचा राहतो. तुरा आणि आवाज यांवरूनच नर ओळखायचा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या सर जॉन सेब्राइट यांनी प्रत्येक पिसाला काळी किनार आणण्यासाठी ही जात घडवली. त्या नादात फलनक्षमता मात्र कमी राहिली. निम्मी अंडी कोरी निघाली तरी अंडी उबवायच्या मशीनला दोष देऊ नका.

प्रश्न : ठाण्यात बंगल्याच्या गच्चीवर चार बँटम ठेवल्या आहेत. कोंबड्याच्या आरवण्यावरून शेजारी तक्रार करतात. गळ्यात पट्टा बांधावा का?

उत्तर : नको, गळ्याचा पट्टा जिवावर बेततो. कोंबडा देऊन टाका. अंडी द्यायला कोंबडीला कोंबडा लागत नाही, फक्त त्यांतून पिल्लं निघणार नाहीत.

प्रश्न : ऑनलाइन व्हिडिओ पाहून वेगवेगळ्या जातींच्या पाच-सहा जोड्या मागवून पैदास करावी, असा विचार आहे. किती जागा लागेल, आणि सुरुवात कशी करावी? (सांगली)

उत्तर : जागेचं सोपं आहे. बँटमला खुराड्यात पक्ष्यामागे दोन चौरस फूट, मोठ्या जातीला चार, आणि फिरायला त्याच्या दुप्पट-तिप्पट. मुंगूस आणि बोका असणारच, तेव्हा कोंबडी-जाळीऐवजी अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावा आणि ती जमिनीत वीतभर गाडा. खरा खर्च पुढे आहे. जाती वेगळ्या ठेवायच्या तर प्रत्येकीला स्वतंत्र खण हवा, आणि पहिल्या वर्षी विकायला फारसं काही हाती येत नाही. पिल्लं परत घेण्याची हमी देणाऱ्यापासून दूर राहा. कडकनाथच्या नावाखाली २०१९मध्ये तुमच्याच जिल्ह्यात शेतकऱ्यांची कशी फसवणूक झाली ते कुणी सांगायला नको. माझा सल्ला, एकच जात घ्या आणि शक्य असेल तर प्रत्यक्ष जाऊन घ्या. पक्ष्याचे पाय पाहा. खवले उचललेले, खरबरीत असतील तर खरजेचे किडे आहेत. हे पायांवर पिसं असलेल्या जातींत पिसांखाली लपतं, म्हणून पिसं बाजूला करून बघा. साबणाच्या पाण्याने जुन्या टूथब्रशने घासून वर व्हॅसलीन लावत राहिलं की बरं होतं, पण विकत घेताना भाव पाडायला हरकत नाही.

नवा पक्षी निदान तीन आठवडे वेगळा ठेवा, आणि त्याचं काम जुन्या पक्ष्यांचं उरकल्यावर करा. लसीकरणाचं विचारूनच घ्या. मरेक्स या पाय लुळे पाडणाऱ्या रोगाची लस पहिल्याच दिवशी द्यायची असते, आणि सिल्की व सेब्राइट या रोगाला लवकर बळी पडतात. एक पाय पुढे, एक मागे टाकून पडलेला पक्षी बहुधा त्याचाच असतो आणि त्यावर उपाय नाही. मानमोडीसाठी (राणीखेत रोगासाठी) पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा नावाची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा तीच, आणि आठ ते दहा आठवड्यांना आर-टू-बी ही लस. गंबोरो रोगाची लस चौदाव्या दिवशी, देवीची लस सहा ते आठ आठवड्यांना. अडचण अशी की लसीची कुपी शेकडो मात्रांची येते आणि कालवली की दोन तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी कुणी ती फोडत नाही. तेव्हा आसपासच्या पाच-सहा घरांशी बोलून एकच दिवस ठरवा, थर्मासमध्ये बर्फ घालून लस आणा, आणि सकाळी ऊन चढायच्या आत सगळ्यांची पिल्लं उरकून घ्या.