असाइनमेंट दिली, उत्तर गुल

प्रश्न: मी पुण्यात जावा बॅकएंड डेव्हलपर आहे, ५ वर्षं झाली. नोटीस पिरियड ९० दिवसांचा, त्यामुळे आधीच कॉल कमी येतात. मागच्या महिन्यात एका कंपनीची इंटरव्ह्यूसाठी घरी करायची कोडिंग असाइनमेंट आली, मेल शुक्रवारी संध्याकाळी आणि सोमवारी सकाळी १० पर्यंत द्या म्हणे, ३-४ तासांचं काम आहे. स्प्रिंग बूट, लॉगिन, टेस्ट केसेस, डॉकर, वर रीडमी (कोडची माहिती लिहायची फाईल) पण. त्यात मामेबहिणीचं केळवण होतं, जेवण झालं की आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसलो, एकूण १६ तास गेले. नंतर एचआर गायब, दोनदा मेल केला तरी काही नाही. ८ दिवसांनी गिटहबवर (कोड तिथेच टाकला होता) ट्रॅफिक बघितला तर क्लोन शून्य, म्हणजे कोड कुणी उतरवूनच घेतला नाही! आता दुसऱ्या कंपनीचं आलंय, त्यात चक्क त्यांच्याच अ‍ॅपचं कूपनचं फीचर बनवायचंय. करू का सोडू?

उत्तर: राग येणारच हो. (नुसता ब्राउझरमध्ये वाचलेला कोड क्लोनमध्ये मोजत नाहीत, त्याच पानावर व्ह्यूजही बघा, पण तिथे मागचे १४ दिवसच दिसतात.)

आता दुसरीचं. हात लावायच्या आधी एचआरला विचारा, कोड कोण बघणार, किती दिवसांत कळवणार आणि पुढच्या राउंडला याच कोडवर बोलणार का. हे शेवटचं नक्की विचारा, कारण आता चॅटजीपीटीकडून कुणीही कोड लिहून आणतो, ज्यांना खरंच माणूस घ्यायचाय ते समोर बसवून "हे असं का केलं" विचारतातच. नाही म्हणाले तर माझ्या मते सोडून द्या.

फुकटात फीचर करून घेतायत अशी शंका येणं साहजिक आहे, पण बाहेरच्याचा कोड आपल्या आधीच्या सगळ्या कोडमध्ये बसवण्यापेक्षा नवीन लिहिणं बरेचदा सोपं पडतं. तरी १९५७ चा कॉपीराइट कायदा लक्षात ठेवा, नोकरीत केलेल्या कामाची मालकी सहसा कंपनीची, पण तुम्ही अजून त्यांच्या नोकरीत नाही, म्हणजे लेखी देऊन टाकत नाही तोवर कोड तुमचा. म्हणून मेलसोबत फॉर्म आला असेल तर टिक करायच्या आधी वाचा.

करायचं ठरलं तर ४ तास म्हणजे ४ तास, मोबाईलवर टायमर लावा, राहिलेलं रीडमीत सरळ लिहा की कूपन एक्स्पायरीच्या टेस्ट वेळेअभावी राहिल्या. आणि हो, ऑफिसच्या लॅपटॉपवर करू नका, नाहीतर आत्ताच्या कंपनीशी वेगळंच लफडं व्हायचं.